सोबत यायचंय? मग फाइल धरा : तृतीयपंथी समूहासोबत नव्याने काम करणाऱ्यांसाठी

महिन्यात एकदा तरी कुणीतरी विचारतं, “तृतीयपंथी लोकांसाठी काही करायचं मनात आहे, सुरुवात कुठून करू?” विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, एखादी डॉक्टर किंवा बँकेतला माणूस असतो. बहुतेकांच्या डोक्यात पहिला कार्यक्रम ठरलेलाही असतो: मेळावा घ्यायचा, साड्या वाटायच्या, शाल-श्रीफळ द्यायचं. हे हौसेने करणारे पुष्कळ आहेत. माणूस कमी पडतो तो सकाळी अकरा वाजता सिव्हिलच्या केसपेपरच्या खिडकीपाशी, किंवा कलेक्टर कचेरीत ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे तिसऱ्यांदा ऐकताना. तिथे शेजारी उभं राहायची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. जिल्ह्याची आणि तालुक्याची गावं डोळ्यांसमोर आहेत, कारण अडचण तिथे जास्त आणि माणसं तिथे कमी.

आधी कोण काय करतंय ते बघा

नवी संस्था काढू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून, नागपुरात सारथी ट्रस्ट आहे, सांगलीत संग्राम आहे. याखेरीज पुष्कळ जिल्ह्यांत एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा एखादा प्रकल्प चालू असतो आणि त्यात फिल्डवर फिरणारे कार्यकर्ते बऱ्याचदा समूहातलेच असतात. त्यांना गल्ली न् गल्ली ठाऊक असते. पत्ता लागत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रात विचारा, नाहीतर समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. राज्याने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केलं, २०२४ मध्ये धोरण जाहीर केलं. जिल्ह्यात या विषयाची फाइल समाज कल्याणच्या टेबलावर असते. ती कुठल्या टेबलावर, कुठल्या क्लार्ककडे, हे शोधून काढणं हेच तुमचं पहिलं उपयोगी काम.

संस्था आहे म्हणजे काम चालूच राहील, असं मात्र धरू नका. पुणे आणि कल्याण इथली तृतीयपंथीयांसाठीची ‘मित्र’ क्लिनिकं अमेरिकेचा निधी थांबल्यावर २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. तिथे नेमाने तपासणीला जाणारे लोक एका आठवड्यात रस्त्यावर आले. अशा वेळी पगाराशिवाय काम करणारी चार माणसं गावात असली तर फरक पडतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. सिग्नलवर, बाजारात, रेल्वेत दिसतात ते बहुतांशी घराण्यातले, गुरू-चेला परंपरेतले लोक. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे यल्लमाचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले लोक, भेटतील, त्यांची रीत वेगळी. पण याच गावात एखादा ट्रान्स पुरुष, म्हणजे मुलगी म्हणून जन्मनोंद झालेला पुरुष, असतो जो घराबाहेरच पडू शकत नाही, इंजिनिअरिंगला एखादी मुलगी असते जिच्या कागदावर अजून मुलाचं नाव आहे, स्वतःला स्त्री आणि पुरुष दोन्ही रकान्यांबाहेर मानणारं कुणी असतं, आणि लग्न होऊन दोन मुलं असलेला सरकारी नोकरही असतो. आंतरलिंगी, म्हणजे शरीराची लैंगिक लक्षणं जन्मतःच वेगळी असलेल्या व्यक्तींचे प्रश्न आणखी निराळे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद झाली. दारात आलेल्या प्रगणकाला, घरची मंडळी मागे उभी असताना, कोण काय सांगणार याचा विचार केला की हा आकडा कसा वाचायचा ते कळतं.

पहिली भेट

वेळ त्यांची बघा. बाजार मागणारे, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागणारे, लोक सकाळी निघतात आणि दुपारी उशिरा परततात. आंघोळ, जेवण, थोडी पाठ टेकणं. चारच्या पुढे जा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. जोगत्यांकडे मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, आणि मार्गशीर्ष-माघ पौर्णिमेच्या सुमाराला सौंदत्तीची यात्रा असते, तेव्हा गावात कुणी सापडणार नाही. ‘मी दोनदा येऊन गेलो, कुणाला गरजच नाही’ असं म्हणणारे बहुतेक वेळा चुकीच्या वेळी गेलेले असतात.

घराण्यात जायचं तर गुरूंना आधी निरोप पाठवा, शक्यतो ओळखीच्या कार्यकर्त्यामार्फत. चेल्यांशी परभारे बोलणं सुरू केलंत तर संशय येतो, आणि तो रास्त असतो. या दारात पोलिसांचे खबरे, व्हिडिओवाले आणि मतं मागणारे येऊन गेलेले आहेत. चहा पुढे आला की घ्या. ‘नको, आत्ताच झाला’ हे वाक्य इथे दुखावतं, कारण आपल्या हातचं लोक खात-पीत नाहीत हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी आहे. जमातीतले तंटे, दंड, कोण कुणाचा चेला झाला, यात पडू नका. तुम्हाला त्यातलं अर्धंही कळणार नाही. मारहाण किंवा डांबून ठेवणं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कायदा लागतो आणि सोबत वकील लागतो.

बोलायचं कसं? मोठ्यांना आसपासचे लोक अम्मा, मावशी, अक्का, गुरुमाई जे म्हणत असतील तेच म्हणा. बरोबरीच्यांना ताई, ट्रान्स पुरुषाला दादा. मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’ इथेच नवखा अडखळतो. सोपा उपाय म्हणजे ‘तुम्ही’ धरणं. ‘कधी आलात, जेवलात का’ यात कुठे अडत नाही आणि मानही राहतो. मग समोरची व्यक्ती स्वतःबद्दल ‘मी गेले’ म्हणते की ‘मी गेलो’ ते ऐका आणि तसंच बोला. कधी एकच जण तुमच्याशी ‘मी आले’ म्हणेल आणि गावाकडून आईचा फोन आला की ‘आलो, आलो’ म्हणेल. फोन स्पीकरवर असेल तर तेवढ्या वेळापुरतं तुम्हीही ‘तो’च म्हणायचं. घरी काय सांगायचं, कधी सांगायचं, हा त्यांचा निर्णय.

ऑपरेशन झालंय का, आधीचं नाव काय, ‘असं कधीपासून वाटतंय’, हे तीन प्रश्न विचारायचे नाहीत. कामासाठी जुनं नाव लागणार असेल तर अर्ज भरतानाच लागेल, तेव्हा कळेल.

फोन आणि वही

लोकांना सगळ्यात जास्त इजा कुठून होत असेल तर ती स्वयंसेवकाच्या मोबाइलमधून. उत्साहाच्या भरात व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, त्यात तीस जणांचे नंबर टाकले जातात, आणि त्यात एकाच गल्लीतले दोघं निघतात ज्यांना एकमेकांबद्दल माहीत नसतं. ग्रुप काढू नका. निरोप एकेकाला पाठवा किंवा ब्रॉडकास्ट वापरा. नंबर सेव्ह करताना नावापुढे ‘टीजी’ (ट्रान्सजेंडर) लिहू नका. कुणाला कुठल्या वेळी फोन करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे आधी विचारून ठेवा. ‘बचत गटातून बोलतोय’ हे बहुतेक घरांत चालून जातं.

फोटो काढायचे नाहीत. रेशनचं किट हातात देतानाचा तर मुळीच नाही. देणगीदार फोटो मागतात, हे खरं. त्यांना पावती दाखवा, दुकानाचं बिल दाखवा. तेवढ्याने समाधान होत नसेल तर अशी देणगी न घेतलेली बरी. वहीत नोंद ठेवताना नावाची आद्याक्षरं, कामाचा प्रकार, पुढची तारीख एवढं पुरतं. आधारच्या झेरॉक्स घरी कपाटात साठवून ठेवायच्या नाहीत.

कागदपत्रं

तुमचा निम्मा वेळ इथे जाणार आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. २०२० च्या नियमांनी पद्धत घालून दिली ती अशी: ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्या जिल्ह्यात सलग वर्षभर वास्तव्य, तीस दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, पहिल्या प्रमाणपत्रासाठी त्या नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर सुधारित प्रमाणपत्राचा मार्ग वेगळा. या कायद्यावरून वाद चालत आले आहेत आणि अटी बदलत असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका. ज्या आठवड्यात अर्ज भरायचा त्या आठवड्यात पोर्टलवरच्या सूचना वाचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाला विचारा. कायदेविषयक मोफत मदतीचा नंबर १५१०० आहे.

प्रत्यक्षात अर्ज अडतो तो कायद्याच्या कलमात नाही. अडतो ओटीपीवर. घर सोडून आठ वर्षं झालेली असतात, आधारला जोडलेला नंबर वडिलांचा असतो. म्हणजे पहिली फेरी आधार केंद्राची, मोबाइल नंबर बदलायला. अशा वेळी स्वयंसेवकाचा हात आपसूक स्वतःच्या खिशाकडे जातो: ‘माझाच नंबर टाका, मी सांगतो ओटीपी.’ असं करू नका. उद्या तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलात की त्या माणसाचं बँक खातं, रेशन, आयुष्मान कार्ड, सगळं तुमच्या फोनवर टांगलेलं राहतं. नंबर त्यांचा, ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांच्या वहीत. लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या गुरूबहिणीकडे ठेवायला सांगा.

दुसरा अडथळा राहत्या पत्त्याचा. भाडेकरार कुणी करून देत नाही. तोंडी व्यवहार असतो, भाडं इतरांपेक्षा जास्त आणि पावती नाही. घरमालकाशी बोलायला स्वयंसेवकाने जायला हरकत नाही. गावात तुमच्या आडनावाला, पेशाला वजन असेल तर ते इथे वापरा. वीजबिल, नगरसेवकाचा दाखला, बँकेचं पासबुक, काय चालेल ते आधार केंद्रावर विचारून मगच पळापळ करा.

तिसरा, शाळा सोडल्याचा दाखला. तो घरी असतो आणि घरी जाता येत नाही. शाळेकडून दुय्यम प्रत मिळते. अर्ज पोस्टाने पाठवा किंवा स्वतः जाऊन द्या. मुख्याध्यापक ‘वडिलांना पाठवा’ म्हणाले तर अर्जदार सज्ञान आहे एवढंच सांगायचं. कशासाठी हवाय ते सांगायची गरज नाही, कारण त्या गावात ती बातमी संध्याकाळच्या आत घरी पोचेल.

क्रम साधारण असा ठेवला तर फेऱ्या वाचतात: आधी तृतीयपंथी प्रमाणपत्र, मग नाव बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद, मग आधार, आणि आधारच्या जोरावर पॅन, बँक, मतदार यादी, रेशन. आधारवर लिंगाची नोंद सहसा एकदाच बदलू देतात, तेव्हा ‘स्त्री’, ‘पुरुष’ की ‘ट्रान्सजेंडर’ हे घाईत ठरवू नका. योजनांसाठी एक सोयीचं, प्रवासात आणि हॉस्टेलला दुसरं, असा पेच असतो. तुम्ही दोन्ही बाजू मांडा आणि गप्प बसा. कुणाला प्रमाणपत्रच नको असतं. वडिलोपार्जित जमिनीचा वाद चालू आहे, भावांना निमित्त मिळेल, किंवा सरकारी यादीत नाव नको. हे त्यांचं गणित आहे आणि ते बहुधा तुमच्यापेक्षा पक्कं असतं.

अर्जातला ‘वडिलांचे/पतीचे नाव’ हा रकाना बघून लोक पेन खाली ठेवतात. निदान मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये यावर सोय आहे: तृतीयपंथी मतदाराला नातेवाईक म्हणून गुरूचं नाव देता येतं. बूथवरच्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यांना, हे नेहमी माहीत असतंच असं नाही. छापलेला फॉर्म दाखवा. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचं उदाहरण सांगायला उपयोगी पडतं. ग्रामपंचायतीला महिला जागेवर भरलेला त्यांचा अर्ज बाद झाला, त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने लढायला परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. त्या खटल्यात याचिकाकर्तीचं नाव आहे ‘अंजली गुरू संजना जान’. बापाच्या जागी गुरूचं नाव असलेली ही नोंद उच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे, एवढं सांगितलं की तहसीलमधला क्लार्कही जरा सावरून बसतो.

म्हातारपणाकडे झुकलेल्यांशी एक विषय हळूच काढा, पण काढा. बँक खात्याला नॉमिनी कोण? खोली, दागिने, साठवलेले पैसे कुणाला? कागद नसेल तर तीस वर्षं न फिरकलेला भाऊ येतो आणि जन्मभर सेवा केलेली चेली दारात उभी राहते. नॉमिनी म्हणून नात्याबाहेरचं नाव देता येतं. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार असा घ्यावा ज्याला त्यातून काही मिळणार नाही. ती सही करायला तुमच्यासारखा त्रयस्थ माणूस अगदी योग्य.

दवाखाना

केसपेपरची खिडकी हे एकेकाला दवाखाना सोडायला लावणारं ठिकाण आहे. आतला माणूस नाव विचारतो, चेहरा बघतो, पुन्हा नाव विचारतो, आणि ‘मेल का फिमेल’ हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. यावर भांडण हा उपाय नाही. भांडलात तर पेशंटचा नंबर जातो. चिठ्ठीवर कागदावरचं नाव, हाक मारायचं नाव, वय, लिंग स्वच्छ अक्षरात लिहून खिडकीतून सरकवा. ओपीडीत आत बसलेल्या सिस्टरला आधीच जाऊन सांगा की पुकारताना आडनावाने पुकारा. नव्वद टक्के वेळा त्या ऐकतात. कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. पेशंट बरा असताना, काही काम नसताना एकदा त्यांना भेटून या. अॅडमिट करायची वेळ रात्री दोन वाजता येते आणि तेव्हा प्रश्न पडतो की पुरुषांचा वॉर्ड की बायकांचा. पेशंटला विचारा आणि त्यांच्या वतीने तेच सांगा. जमलंच नाही तर कडेची खाट आणि पडदा मागून घ्या. सोबत राहायचा पास एकालाच मिळतो. तो घराण्यातल्या माणसाला द्या. तुम्ही बाहेर औषधं, रक्ताची पिशवी, डबा यांची धावपळ करा. संमतीपत्रावर ‘नातेवाईक’ म्हणून सही कोण करणार यावर डॉक्टर अडले तर लक्षात असू द्या, पेशंट शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर त्याची स्वतःची संमती मुख्य.

औषधांबाबत स्वयंसेवकाने तोंड उघडायचं नाही, अपवाद एकच: धोका ओळखण्याचा. बऱ्याच जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून हार्मोन म्हणून घेतात, कारण योग्य डॉक्टर गावात नाही किंवा परवडत नाही. ओरडू नका, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) न्यायची तयारी दाखवा. पण एका पायाची पोटरी सुजली-दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी असू शकते, थेट कॅज्युअल्टीत. निर्वाण, म्हणजे लिंग काढून टाकणं, बाहेरून कुणाकडून करून घेतलेलं असेल आणि रक्त थांबत नसेल, ताप असेल, लघवी अडली असेल, तरीही तेच. कुणी केलं, कुठे केलं, ही चौकशी डॉक्टरांना करू द्या.

तृतीयपंथी दिसला की एचआयव्हीची चाचणी सुचवायची, ही सवय कर्मचाऱ्यांना असते, तुम्हाला लागू देऊ नका. चाचणी सरकारी केंद्रात मोफत आहे आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कुणाचा निकाल काय आला हे तुम्हाला कळलंच तर ते तुमच्या घरच्यांनाही कळता कामा नये. खर्चासाठी आयुष्मान भारतमध्ये तृतीयपंथीयांकरता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण २०२२ मध्ये जाहीर झालं. त्याला वरचं प्रमाणपत्र लागतं, आणि कुठलं रुग्णालय प्रत्यक्ष काय करतं ते जायच्या आधी फोन करून विचारावं लागतं.

मन खचलेल्या माणसाला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, पण नंबर देऊन मोकळे होऊ नका. लागतोय का बघा, पहिला फोन सोबत बसून लावा. ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मांत्रिकाकडे नेऊन मारहाण झाली असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि गावोगावचे अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते तो वापरायला मदत करतात.

घर सोडून आलेलं कुणी दारात उभं राहिलं तर

पहिला प्रश्न वयाचा. अठरा पूर्ण नसतील तर लपवून ठेवू नका, मनात कितीही आलं तरी. १०९८ या चाइल्डलाइनवर कळवा, बालकल्याण समितीसमोर स्वतः सोबत जा, आणि घरी काय मार बसलाय ते त्या मुलाच्या तोंडून नोंदवलं जाईल हे बघा. तुम्ही सोबत नसाल तर ‘समज देऊन पालकांच्या ताब्यात’ एवढंच होतं.

सज्ञान असेल तर घरचे पोलिसांत मिसिंग देणार हे गृहीत धरा. त्याआधीच जवळच्या ठाण्यात आणि गावच्या ठाण्यात अर्ज पोचवा: मी सज्ञान आहे, स्वेच्छेने घर सोडलं आहे, मला जिवाची भीती आहे, माझा पत्ता घरच्यांना देऊ नये. सोबत वयाच्या पुराव्याची प्रत. पोच घ्या, शिक्क्यासकट. जबाबाला बोलावलं तर वकिलाला घेऊन जा, आणि निदान दोघं जा. ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण घरच्यांच्या लेखी ती ‘पळून गेलेली मुलगी’ असते आणि तिचं लग्न ठरवणं हा उपाय. ठाण्यात आवाज चढवू नका. तिथे ‘साहेब’ म्हणण्याने तुमचं काही कमी होत नाही. अंगावर कुणी आलंच तर ११२.

ठेवायचं कुठे? स्वतःच्या घरी शक्यतो नको. तुमच्यावर आरोप होतील आणि त्या व्यक्तीवर उपकाराचं ओझं. केंद्राच्या स्माइल योजनेतली गरिमा गृहं, म्हणजे तृतीयपंथीयांसाठीची निवारागृहं, आहेत, पण जागा मोजक्या. आधी फोन, मग एसटीचं तिकीट. गावातल्या एखाद्या घराण्याने आसरा देऊ केला तर ते सगळ्यात जवळचं असतं, मात्र तिथे राहण्याचे नियम आणि देणं-घेणं काय, हे येणाऱ्याला मोकळेपणी कळलं पाहिजे. एकदा आत गेलेल्याला बाहेर पडायचं झालं तर काय, हेही.

‘मी घरच्यांना समजावतो’ असं म्हणून परस्पर घरी जाणारे स्वयंसेवक फार असतात. सांगितल्याशिवाय जाऊ नका.

काम आणि पैसे

उसने देऊ नका. गटाचा छोटा निधी ठेवा, दवाखाना आणि प्रवास एवढ्याच कामासाठी, आणि हिशेब समूहातल्या दोघांकडे द्या.

नोकरीचं बोलणं निघालं की लोकांना ब्युटी पार्लर आणि पापड-लोणची आठवतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, म्हणजे दुसरंही काही होऊ शकतं. मात्र लोक नोकरी का टिकवत नाहीत, याची चर्चा नेहमी चुकीच्या दिशेने जाते. बाजाराचे पैसे रोज संध्याकाळी हातात येतात. नोकरी लागली की ते पहिल्या दिवशी थांबतात आणि पगार महिन्याने होतो, तोही बँकेत, जिथे खात्यावरचं नाव जुळत नाही. मधल्या महिन्याचं भाडं, रेशन आणि गुरूंचा वाटा कुठून येणार? कुणाला कामाला लावणार असाल तर मालकाशी आधी हे बोला: पहिल्या पंधरवड्याला उचल मिळेल का, संडास कुठला वापरायचा, गणवेश कुठला, आणि तक्रार कुणाकडे करायची. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. बहुतेक मालकांना ते तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळेल.

कार्यक्रम घ्यायचाच असेल तर

३१ मार्च (ट्रान्सजेंडर दृश्यमानता दिन) किंवा १५ एप्रिलला (नाल्सा निकालाचा दिवस) काहीतरी करू असं ठरतं आणि कुणीतरी हमखास रक्तदान शिबिर सुचवतं. रक्तदात्यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तृतीयपंथी व्यक्तींना दाते म्हणून वगळलं. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. रक्तपेढीला न विचारता शिबिर लावलंत तर त्यांच्याच कार्यक्रमात त्यांनाच टेबलावरून परत पाठवलं जाईल. बाकी, विषय त्यांना ठरवू द्या. आधार अपडेटचं शिबिर लावा म्हणतील. भाषणाला तुम्ही उभे राहू नका. खुर्च्या मांडा, माइक तपासा, आमदार उशिरा आले तर त्यांच्यासाठी कुणाचं बोलणं मध्येच तोडू नका.

थांबायचं असेल तेव्हा

परीक्षा, बदली, लग्न, कंटाळा, कारण काहीही असो, लोक हे काम सोडतात. सोडा, पण गायब होऊ नका. महिनाभर आधी सांगा. ज्यांचे अर्ज अर्धवट आहेत त्यांचा अर्ज क्रमांक, कुठल्या टेबलावर आहे, पुढची तारीख, हे एका कागदावर लिहून त्यांच्याच हातात द्या आणि दुसऱ्या स्वयंसेवकाची गाठ त्यांच्यासमोर घालून द्या. तुमच्याकडे कुणाचं मूळ प्रमाणपत्र, पासबुक, पॅन राहिलं असेल तर घरी जाऊन परत करा आणि वहीत त्यांची सही किंवा अंगठा घ्या. फोनमधल्या झेरॉक्सच्या फोटोंचा फोल्डर काढून टाका, व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधूनही. आणि तुमचा नंबर कुणाच्या खात्याला जोडलेला राहिला असेल तर तो बदलून मगच गाडीत बसा.